भूखंडाला एक महिना, कायद्याला एक दुपार

मुंबईत एखाद्या भूखंडावरचं मैदानाचं आरक्षण उठवून तिथे दुसरं काही आणायचं असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे आधी राजपत्रात सूचना काढावी लागते. हरकती व सूचनांसाठी एक महिन्यापर्यंतची मुदत ठेवावी लागते. ज्यांनी हरकत घेतली त्यांना सुनावणीला बोलवावं लागतं, आणि मगच प्रस्ताव मंत्रालयाकडे सरकतो. ही पद्धत किती मनापासून पाळली जाते, याबद्दल मुंबईकरांचे अनुभव फारसे गोड नाहीत. सुनावणीला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. पण पद्धत निदान कागदावर आहे, आणि ती धाब्यावर बसवली तर उच्च न्यायालयात बोट ठेवायला जागा आहे.

आता समजा, एक भूखंड सोडा, हे कलम ३७ च बदलायचं सरकारने ठरवलं. राज्यातल्या सगळ्या शहरांमधल्या सगळ्या आरक्षणांचा नियमच बदलायचा. तर काय करावं लागेल? दुरुस्ती विधेयक आणायचं, पुरःस्थापित करायचं म्हणजे सभागृहात मांडायचं, विचारात घ्यायचं, आवाजी मतदानाने संमत करायचं आणि वरच्या सभागृहाकडे पाठवायचं. सभागृहाच्या नियमांत सूचनेची मुदत असते, पण ती अध्यक्षांच्या परवानगीने शिथिल होते, आणि ती असते सदस्यांसाठी. तुम्हा-आम्हाला तो मसुदा कायदा होण्याआधी एक तासभर तरी वाचायला मिळावा, असं बंधन कुठेही नाही.

म्हणजे विधिमंडळाने जी शिस्त महापालिकेवर कायद्याने लादली आहे, ती स्वतःला लावून घेतलेली नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि मागणीही त्यातूनच येते. कोणतंही विधेयक, विशेषतः लांबलचक विधेयक, मतदानाला येण्याआधी ठरावीक काळ लोकांसमोर असलंच पाहिजे. सरकारच्या मर्जीने नव्हे, नियमाने.

विधान भवनात अधिवेशनाचे शेवटचे दोन दिवस कसे जातात, हे बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. आधीचे दिवस गोंधळात, सभात्यागात, पायऱ्यांवरच्या घोषणाबाजीत गेलेले असतात. मग कामकाज पत्रिकेवर विधेयकांची रांग लागते. खंडशः विचार करण्याच्या नावाखाली खंड क्रमांक दोन ते अमुक विधेयकाचा भाग झाले, असं एका दमात म्हटलं जातं. दोन सभागृहं ठेवण्याचा मूळ हेतू असा की एकाने केलेलं काम दुसऱ्याने शांतपणे पुन्हा पाहावं. दोन्हीकडे एकाच दिवशी काम उरकलं, की परिषद आणि विधानसभा यांच्यात फक्त एका जिन्याचं अंतर उरतं.

मोठ्या आणि नाजूक विषयांवरही हेच होतं. मराठा आरक्षणाचा कायदा २९ नोव्हेंबर २०१८ रोजी दोन्ही सभागृहांत एकमताने झाला. मागासवर्ग आयोगाचा पूर्ण अहवाल सभागृहासमोर ठेवा, अशी मागणी तेव्हा विरोधक करत होते. मांडला गेला तो फक्त कृती अहवाल, म्हणजे आयोगाच्या शिफारशींवर सरकारने काय केलं ते सांगणारा. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, आणि आयोगाचा निष्कर्षही स्वीकारला नाही. पुन्हा २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाचं विशेष अधिवेशन झालं आणि दहा टक्क्यांचं नवं विधेयक त्याच दिवशी दोन्हीकडे एकमताने पार पडलं. महिनाभर हरकती मागवल्या असत्या तर पहिला कायदा टिकला असता, असं मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाला घातलेली पन्नास टक्क्यांची मर्यादा महिन्याभरात हलत नाही. पण ज्या आकडेवारीवर लाखो मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या उभ्या राहणार होत्या, ती आकडेवारी न्यायालयात उलटतपासणीला जाण्याआधी चारचौघांत तपासली गेली असती. एकमत झालं, की प्रश्न विचारणारा कोणीच उरत नाही. एकमताच्या विधेयकाला तर वेळ जास्तच हवा.

दिल्लीतलं एक उदाहरण मात्र मला सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण त्याची झळ थेट आपल्या पेट्रोल पंपांपर्यंत आली होती.

भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम या तिघांची कलमं मिळून १,०५९ होतात. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली फौजदारी कायद्याची सगळी चौकट बदलणारी ही विधेयकं ऑगस्ट २०२३ मध्ये मांडली गेली आणि संसदीय स्थायी समितीकडे गेली, हे श्रेय सरकारला द्यायला हवं. समितीच्या अहवालानंतर ती मागे घेऊन १२ डिसेंबरला नव्याने मांडली गेली. २० डिसेंबरला लोकसभेने आणि २१ ला राज्यसभेने ती संमत केली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले होते, म्हणजे प्रश्न विचारणारे बरेचसे बाहेरच होते.

न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात अशी तरतूद होती की बेदरकार आणि निष्काळजी गाडी चालवून कोणाचा मृत्यू झाला, आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. तरतुदीचा हेतू चांगला आहे. माणसाला रस्त्यावर तडफडत सोडून जाणाऱ्याला जरब बसायलाच हवी. पण ट्रक चालवणाऱ्याचा प्रश्न वेगळा होता: अपघातानंतर थांबलो तर जमाव जिवंत सोडेल का? ही तरतूद थोड्या वेगळ्या शब्दांत ऑगस्टच्या मसुद्यातही होती. दिल्लीत ती समितीपुढे गेली. ट्रकच्या केबिनपर्यंत मात्र ती पोहोचली कायदा झाल्यावर, मोबाइलवरून, आणि वाटेत तिचं अर्धं सत्य आणि अर्धी अफवा झाली.

१ जानेवारी २०२४ ला मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंवर टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. मुंबईतही लोक टाक्या भरून घ्यायला धावले. दुसऱ्या दिवशी केंद्रीय गृह सचिवांना वाहतूकदारांच्या संघटनेला सांगावं लागलं की तुमच्याशी चर्चा केल्याशिवाय हे उपकलम लागू करणार नाही. पुढे फेब्रुवारीत अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०२४ पासून संहिता अमलात आली, तेव्हा तेवढं एक उपकलम बाजूला ठेवलेलं होतं.

म्हणजे सल्लामसलत झालीच. फक्त कायदा आधी आणि सल्लामसलत नंतर, अशा उलट्या क्रमाने, आणि तीही पंप कोरडे पडू लागल्यावर. डिसेंबरमधल्या आठ दिवसांऐवजी साठ दिवस मिळाले असते, मराठी, हिंदी, तमिळमध्ये त्या कलमाचा सोपा गोषवारा ट्रक टर्मिनलवर लागला असता, तर चालकांनी हीच हरकत कागदावर घेतली असती. जमावापासून दूर जाऊन जवळच्या ठाण्यात कळवलं तर तो गुन्हा नाही, एवढा खुलासा कलमातच नेमक्या शब्दांत घालता आला असता. आज ना धड ती शिक्षा अमलात, ना धड रद्द.

केंद्राकडे यासाठीचं धोरण आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१४ च्या सुरुवातीला विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण ठरलं. प्रत्येक खात्याने विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, त्यासोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं, आर्थिक आणि सामाजिक परिणाम सांगावेत, आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा आपल्या संकेतस्थळावर टाकावा. वाचायला सुंदर आहे. पण तो आहे कार्यकारी आदेश, केंद्राच्या खात्यांसाठी, आणि शक्य नसेल तर कारण नोंदवून टाळण्याची मुभा त्यातच आहे. परिणाम व्हायचा तोच झाला. तीन कृषी कायदे जून २०२० मध्ये अध्यादेश म्हणून आले, सप्टेंबरमध्ये संसदेत पार पडले, आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ ला चर्चेविनाच रद्दही झाले. त्या कायद्यांचा मजकूर जून ते सप्टेंबर सगळ्यांना वाचायला खुला होता, हे विसरता कामा नये. पण ‘वाचा’ म्हणणं आणि ‘बोला’ म्हणणं यात फरक आहे. हरकत कोणाकडे द्यायची, ती कोण ऐकणार, उत्तर कोण देणार, यातलं काहीच नव्हतं.

वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या बाबतीत तर याहून मजेदार प्रकार झाला. २०२२ च्या मसुद्यावर सूचना मागवल्या गेल्या, लोकांनी अभ्यास करून पाठवल्या, आणि सरकारने आधीच सांगून ठेवलं होतं की आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत. मोठ्या कंपन्यांनी काय मागितलं, नागरिकांच्या गटांनी काय मागितलं, आणि २०२३ च्या कायद्यात कोणाचं उतरलं, हे ताडून पाहायची सोयच राहिली नाही. लोकांना वेळ दिला आणि उत्तर दिलं नाही, तर तो वेळ टपालपेटीला दिल्यासारखा आहे.

आपल्याकडे मात्र नुकताच एक प्रयोग झाला. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये अधिवेशन संपता संपता मांडलं गेलं, तेव्हा ते झटपट संमत होईल अशी धास्ती होती. झालं नाही. डिसेंबरमध्ये नागपूरला ते पुन्हा मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने सूचना मागवल्या; बारा हजारांहून अधिक आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक संमत झालं ते बदल होऊनच. कायद्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता असल्याचं दीर्घ शीर्षकातच आणलं गेलं, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. हा कायदा मला आजही धोकादायक वाटतो, व्याख्या सैल आहेत, आणि सूचना पाठवणाऱ्या पुष्कळांचा आग्रह तो पूर्ण मागे घेण्याचा होता. तरीही पहिल्या मसुद्यापेक्षा शेवटचा मसुदा कमी वाईट आहे, आणि हे घडलं मधल्या महिन्यांमुळे. अडचण अशी की हे महिने मिळाले ते सरकारला तसं करावंसं वाटलं म्हणून. उद्या नाही वाटलं, तर नाही मिळणार.

याच्याशी मुंबईच्या विकास आराखड्याची गोष्ट जोडून पाहा. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. कायद्याने साठ दिवसांची मुदत होती. लोकांनी नकाशे उघडून पाहिले, आणि रस्ते उभ्या इमारतींवरून गेलेले, वारसा वास्तू गळलेल्या, गावठाणं आणि कोळीवाडे नीट न दाखवलेले, असं काय काय बाहेर आलं. मुदत संपेपर्यंत थांबायचीही वेळ आली नाही. एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, पुन्हा हजारो हरकती, पुन्हा सुनावण्या, आणि २०१८ मध्ये मंजुरी. उशीर झाला खरा. पण ज्या चुका तज्ज्ञ सल्लागारांना दिसल्या नाहीत, त्या आपल्या गल्लीचा नकाशा ओळखणाऱ्या बाईमाणसांना दिसल्या. कायद्याच्या कलमांनाही अशाच गल्ल्या असतात, आणि तिथे राहणाऱ्यांनाच त्या ठाऊक असतात.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: लोकांनी आमदार निवडून दिलेत ना, मग वाचण्याचं काम त्यांचं. तत्त्वतः खरं आहे. पण १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर आमदाराच्या वाचण्याला किंमत किती उरली? व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की विरोधात मत देणं म्हणजे आमदारकी पणाला लावणं. वाचून एखाद्याचं मत बदललं, तरी त्याचं हात वर करणं बदलत नाही. त्यामुळे मजकूर सुधारायचा असेल तर तो मतदानाच्या आधीच्या काळातच सुधारू शकतो, जेव्हा आमदाराला आपल्याच पक्षाच्या बैठकीत ‘माझ्या मतदारसंघातून या कलमावर एवढी पत्रं आलीत’ असं म्हणता येतं. जनतेला दिलेला वेळ हा आमदाराचा अपमान नाही. त्याच्या हाती उरलेलं ते एकमेव शस्त्र आहे.

दुसरं उत्तर तातडीचं. काही गोष्टी थांबू शकत नाहीत. मान्य. म्हणूनच तर संविधानाच्या कलम २१३ ने राज्यपालांना अध्यादेशाचा अधिकार दिला आहे. घर पेटलंय तर अध्यादेश काढा. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी विधेयक आणावं लागतं, ते सहा आठवडे हरकतींसाठी वापरा. अर्थात या दरवाजाचाही राजरस्ता होऊ शकतो. पुण्याच्या गोखले संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवल्याचं शोधून काढलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात नेलं. १९८६ मध्ये न्यायालयाने याला संविधानाशी केलेली लबाडी ठरवलं. तेव्हा अध्यादेशावर लक्ष ठेवावं लागेलच. पण तातडीसाठी वेगळा रस्ता असताना प्रत्येक विधेयकाला रुग्णवाहिकेचा भोंगा लावण्याचं कारण नाही. आणि तातडीचंच म्हणाल, तर फेब्रुवारी १९४८ पेक्षा तातडीचा काळ या देशाने पाहिला आहे का? फाळणीच्या जखमा ओल्या, गांधीजींचा खून नुकताच झालेला, काश्मीरमध्ये युद्ध. त्या महिन्यात संविधानाचा ३१५ कलमांचा मसुदा तयार झाला आणि लोकांपुढे ठेवला गेला. ४ नोव्हेंबरला घटना समितीत तो मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की मसुदा आठ महिने जनतेसमोर आहे, आणि मित्र, टीकाकार, विरोधक सगळ्यांना आपलं म्हणणं मांडायला पुरेसा अवधी मिळाला आहे. टीकाकारांना अवधी मिळाल्याचं त्यांनी समाधानाने नोंदवलं, तक्रारीने नव्हे.

तिसरा आक्षेप मला जास्त छळतो, आणि तो महाराष्ट्राच्याच इतिहासातून येतो. जादूटोणाविरोधी कायदा. नव्वदच्या दशकापासून त्याची मागणी होती. २००५ मध्ये विधानसभेने विधेयक संमत केलं, परिषदेत ते अडलं, समितीकडे गेलं, मग मसुदे बदलत राहिले, बैठका होत राहिल्या, विरोधाची पत्रं येत राहिली. वारी बंद होणार, सत्यनारायण घालता येणार नाही, असं काहीबाही पसरवलं गेलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि जे आठ वर्षांत जमलं नव्हतं ते चार दिवसांत अध्यादेशाने झालं. लोकांना वेळ द्या म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यायला हवं, कारण चांगल्या कायद्याला वेळ काढून मारता येतं, हे इथे उघड दिसतं.

मी असं पाहतो: त्या विधेयकाला लोकांच्या वाचनासाठी म्हणून वेळ मिळालाच नव्हता. त्याला मिळाला तो बिनमुदतीचा खोळंबा. शेवटची तारीख नव्हती, त्यामुळे विरोधकांना युक्तिवाद करण्याची गरज नव्हती, फक्त वाट पाहायची होती. कलमाकलमाचा सोपा खुलासा, ‘वारीला या कायद्यात हात लावलेला नाही’ अशा स्पष्ट शब्दांत, अधिकृतपणे गावोगावी गेला असता तर अफवेचं पोट तेव्हाच फुटलं असतं. म्हणून माझ्या मागणीत किमान मुदत आहे तशीच कमाल मुदतही आहे. हरकतींचा काळ संपला की ठरावीक दिवसांत सरकारने उत्तर द्यावं आणि विधेयक मतदानाला यावं. पडलं तर पडू दे, पण कपाटात पडून राहू नये.

‘एवढं वाचतो कोण?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारे सहसा असे असतात ज्यांना वाचायला आधीच मिळालेलं असतं. मुंबईत राहणाऱ्याला हे कळतं. चटईक्षेत्र, पुनर्विकास, झोपडपट्टी पुनर्वसन यांपैकी कशावरही मंत्रालयात मसुदा शिजत असेल, तर ज्यांचे कोट्यवधी रुपये त्यात गुंतलेत त्यांचे वकील तो पुरःस्थापित होण्याच्या कितीतरी आधी वाचून मोकळे असतात. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयापर्यंत, ज्यांची ऊठबस आहे, त्यांना राजपत्राची गरज पडत नाही. लालबागच्या पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूला, संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं अडकलेल्या कुटुंबाला, हॉकर्सच्या युनियनला ती पडते. जाहीर मुदत नसली तर सल्लामसलत होत नाही असं नसतं. ती बंद दाराआड निवडक लोकांशी होते. प्रत्येकाने कायदा वाचावा अशी अपेक्षाच नाही. भाडेकरूंच्या संघटनेतला एकजण वाचतो, तो दहा जणांना सांगतो, त्यातला कोणी वकिलाकडे जातो. डिसेंबर २०१६ मध्ये राज्याने रेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या, नियमांचा मसुदा हरकतींसाठी काढला, तेव्हा मुंबई ग्राहक पंचायतीने घरखरेदीदारांच्या वतीने तो कलमवार वाचून केंद्रीय कायद्याने दिलेलं नियमांतून कुठे कुठे काढून घेतलं जातंय ते दाखवलं होतं. गंमत अशी की कायद्याखालच्या नियमांना पूर्वप्रसिद्धीची ही पद्धत १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमापासून माहीत आहे. पोटनियमाला जो मान, तो मूळ कायद्याला नाही.

बाहेर काय चालतं ते पाहिलं तर भाबडेपणाने पाहू नये. अमेरिकेच्या संसदेने डिसेंबर २०२० मध्ये ५,५९३ पानांचं एक विधेयक मजकूर हाती आला त्याच दिवशी मंजूर केलं. पाच हजार पानं एका दिवसात वाचणारा खासदार अजून जन्मायचाय. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ मध्ये थेट राज्यघटनेतच घालून घेतलं की अंतिम मजकूर ७२ तास इंटरनेटवर असल्याशिवाय त्यावर मतदान नाही. न्यूयॉर्कच्या घटनेत तीन दिवसांचा असाच नियम फार आधीपासून आहे, पण राज्यपालांनी ‘गरज आहे’ असा संदेश पाठवला की तो माफ होतो, आणि २०१३ चा बंदूक नियंत्रणाचा मोठा कायदा तसाच एका झटक्यात झाला. दक्षिण आफ्रिकेत तर २००६ मध्ये घटना न्यायालयाने काही कायदे केवळ याच कारणाने अवैध ठरवले की संसदेने ते करताना जनतेला सहभागी करून घेतलं नव्हतं. आपल्याकडे न्यायालयाचा तो मार्ग जवळपास बंद आहे. विधिमंडळातल्या कार्यपद्धतीच्या दोषावरून कायद्याला आव्हान देता येत नाही, असं आपल्या संविधानाचं कलम २१२ सांगतं. २०१६ मध्ये कॉल ड्रॉपच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम बनवण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकण्याचा सर्वसाधारण कायदा संसदेने करावा, असं सुचवलं, तेही नियमांपुरतं आणि सूचनेपुरतंच राहिलं.

त्यामुळे जे करायचं ते सभागृहानेच स्वतःच्या नियमांत करायला हवं, आणि कलम २०८ खाली तो अधिकार महाराष्ट्र विधिमंडळाकडे आहे. दिल्लीची परवानगी लागत नाही. साध्या विधेयकाला तीस दिवस, पन्नासहून अधिक कलमांच्या विधेयकाला साठ, आणि आख्खी संहिता असेल तर नव्वद. विनियोजन विधेयकं (सरकारी खर्चाला मंजुरी देणारी) आणि कर बदलणारी विधेयकं यातून वगळावीत. त्यांना वेगळं वेळापत्रक असतं, आणि कर वाढणार हे महिनाभर आधी सांगितलं तर साठेबाजच खूश होतील. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत एकाच दिवशी निघावा. दुरुस्ती विधेयक असेल तर ‘अमुक कलमातील तमुक मजकूर वगळण्यात यावा’ एवढ्यावर भागवू नये. दोन ओळींची दुरुस्ती दोनशे कलमांपेक्षा घातक असू शकते, आणि मूळ अधिनियम शेजारी असल्याशिवाय ती वकिलालाही कळत नाही. जुनं कलम आणि दुरुस्तीनंतरचं कलम समोरासमोर छापावं.

मुदत संपल्यावर कोणत्या हरकती आल्या, कोणत्या मानल्या आणि कोणत्या का नाकारल्या, याचं टिपण विधेयकासोबत सभागृहासमोर यावं. नावं लपवायची तर नागरिकांची लपवा. कंपन्यांची आणि संघटनांची उघड असावीत. आणि हरकतींचा काळ संपल्यानंतर सरकारने मोठ्या शासकीय सुधारणा घुसवल्या, तर बदललेला मजकूर मतदानाआधी पुन्हा किमान ७२ तास लोकांसमोर राहावा. हे नसेल तर महिनाभर एक मसुदा दाखवायचा आणि मत दुसऱ्याच मसुद्यावर घ्यायचं, हा खेळ सुरू होईल. डिसेंबर २०२३ मध्ये फौजदारी कायद्यांच्या बाबतीत जवळपास तसंच झालं होतं.

सूट लागेलच. पण ती अध्यक्षांच्या एका वाक्याने मिळू नये. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश सदस्यांनी, कारण नोंदवून, मतविभागणीने, म्हणजे प्रत्येकाचं नाव छापून येईल अशा पद्धतीने सूट द्यावी. न्यूयॉर्कमध्ये एका व्यक्तीच्या सहीने नियम पोकळ झाला. आवाजी मतदानात ‘होय’चा आवाज कोणाचा, हे कधीच कळत नाही. विधानसभेच्या २८८ आणि परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी कोणी वाचायला वेळ नको म्हटलं, हे त्यांच्या मतदारसंघात कळायला हवं. माझा अंदाज आहे की नाव छापलं जाणार म्हटल्यावर तातडीची बरीच विधेयकं आपोआप कमी तातडीची होतील.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. प्रशासक कारभार करत होते. त्या काळात आपलं म्हणणं नोंदवायची जी थोडीफार अधिकृत खिडकी उरली होती, ती वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांतल्या ‘हरकती व सूचना’ची होती, आणि लोकांनी ती वापरली. खिडकी लहान असली तरी वापरायची सवय या शहराला आहे. विधानसभेच्या नियम समितीने हा विषय आपल्या पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घ्यावा. आणि नियमदुरुस्तीचा मसुदा तयार झाला, की सभागृहात आणण्याआधी तोच तीस दिवस हरकतींसाठी ठेवावा.